स्ट्रॅटेजी गेममधली पळवाट: डाव कधी आणि चीटिंग कधी?

प्रश्न असा आहे. सिव्हिलायझेशन 5 च्या मूळ आवृत्तीत एका खेळाडूने एआयकडून, म्हणजे संगणक चालवत असलेल्या राज्याकडून, एकरकमी सोनं घेतलं. बदल्यात 30 टर्न दर टर्नला ठरावीक सोनं द्यायचं कबूल केलं आणि रक्कम हातात पडताच त्याच राज्यावर युद्ध पुकारलं. युद्ध सुरू झालं की करार आपोआप रद्द होतो, म्हणून हप्ते थांबले. घेतलेली रक्कम मात्र परत जात नाही. मित्र म्हणतात, हे चीटिंग. तो म्हणतो, गेमने करू दिलं, कोडला मी हात लावला नाही, मग चीटिंग कसं?

उत्तर आधी देतो. तो एकटा खेळत होता, त्यामुळे त्याने कुणालाही फसवलेलं नाही. हाच डाव त्याने अशा स्पर्धेत नोंदवला जिथे ही युक्ती बाद आहे, तर ते चीटिंग. आणि समोर माणसं असतील तर निकाल दोन गोष्टींवर लागतो: खेळायला बसताना काय ठरलं होतं, आणि समोरच्याला ती चाल दिसते का, तिला गेमच्या आतून उत्तर देता येतं का.

बहुतेक वाद चुकीच्या जागी अडकतात. एक बाजू म्हणते, ‘गेम बनवणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं, म्हणून चीटिंग.’ दुसरी म्हणते, ‘गेमने करू दिलं, म्हणून चालतं.’ दोन्ही कसोट्या प्रत्यक्षात टिकत नाहीत. दोन्हींची उदाहरणं बघू.

बनवणाऱ्यांच्या हेतूची कसोटी स्टारक्राफ्ट: ब्रूड वॉरवर लावून बघा. 1998 च्या या गेममध्ये एका वेळी जास्तीत जास्त 12 युनिट, म्हणजे सैनिक, कामगार किंवा यंत्रं, निवडता येतात. निवडलेली युनिट जवळजवळ असतील तर हलताना आपापसांतलं अंतर राखतात. पण गटातलं एखादं युनिट फार दूर असेल तर सगळी रचना सोडून एकाच बिंदूकडे धावतात. खेळाडूंनी हे हेरलं आणि 11 म्युटालिस्क (झर्ग या बाजूची उडती लढाऊ युनिट) अधिक लांब कोपऱ्यातला एक ओव्हरलॉर्ड (झर्गचंच संथ उडतं युनिट) असा गट बांधायला सुरुवात केली. उडणारी युनिट एकमेकांना अडवत नाहीत, त्यामुळे अकराही म्युटालिस्क एकमेकांवर चढून एका ठिपक्याएवढी होतात आणि एकदम मारा करतात. एकाचा मारा 9, अकरांचा 99. 60 हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढा मार सोसणारा, एससीव्ही (टेरन या बाजूचा कामगार) एका फेरीत जातो. 200 हिट पॉइंटचा मिसाइल टरेट (विमानविरोधी बुरूज) दोन फेऱ्यांनंतर 2 वर लटकलेला असतो. शिवाय ढिगातलं जखमी म्युटालिस्क वेगळं निवडून टिपणं समोरच्याला जवळपास अशक्य होतं.

हे कुणी आखून ठेवलेलं नव्हतं, गटाच्या हालचालीच्या गणितातून ते आपोआप निघालं. तरीही कोरियातल्या व्यावसायिक खेळात झर्ग खेळाडूचं ते मूलभूत कौशल्य ठरलं, कारण उत्तर गेममध्येच होतं. टेरनच्या सायन्स व्हेसल या यानाचं इरॅडिएट हे अस्त्र ज्याच्यावर पडतं त्याच्या आसपासच्या जैविक युनिटनाही भाजतं, म्हणजे ढीग जितका घट्ट तितकं नुकसान मोठं. वाल्किरी आणि कॉर्सेअर या लढाऊ विमानांचा मारा पसरतो, त्यालाही ढीग आयताच सापडतो. युक्ती वापरणाऱ्याला फायद्याबरोबर नवा धोकाही घ्यावा लागतो, आणि मारा करून नेमक्या क्षणी मागे फिरण्याचं हाताचं कसब लागतं ते वेगळंच. 2017 मध्ये रीमास्टर्ड आवृत्ती आली तेव्हा गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डने चित्रं आणि आवाज नवे केले, खेळाची गणितं मात्र जाणूनबुजून तशीच ठेवली. वीस वर्षांत त्या ‘चुकां’वर एक अख्खी खेळपद्धती उभी राहिली होती. मिनरल वॉकचंही तेच. खाणीकडे पाठवलेला कामगार इतर युनिटमधून आरपार जातो, कारण खाणीपाशी कोंडी होऊ नये म्हणून ती सोय केली होती. खेळाडू तीच वापरून वेढ्यातून कामगार सोडवतात. यावर आज कुणी हरकत घेत नाही.

आता ‘गेमने करू दिलं’ ही कसोटी. 2020 मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये एक बग उघड झाला. हा नेमबाजीचा गेम, पण निवाडा आपल्या प्रश्नाला थेट लागू आहे. कोचचा कॅमेरा खेळाडूंबरोबर न राहता नकाशावर एका जागी अडकून राही आणि तिथून समोरच्या संघाच्या हालचाली दिसत. कुठलंही बाहेरचं सॉफ्टवेअर नाही, कोडमध्ये ढवळाढवळ नाही, सगळं गेमनेच करू दिलेलं. तरीही ईस्पोर्ट्स इंटेग्रिटी कमिशनने 37 कोचवर बंदी घातली, आणि ती योग्यच होती. समोरच्या संघाला हे दिसत नव्हतं, त्याचा अंदाज येणं शक्य नव्हतं, आणि त्यावर उत्तर म्हणून करण्यासारखी एकही चाल नव्हती. पलीकडचे पत्ते बघत खेळणं म्हणतात ते हेच, मग पत्ते कुणी का उघडे ठेवलेले असेनात.

म्हणून या दोन्ही कसोट्यांपेक्षा तिसरी कसोटी, चाल दिसते का आणि तिला उत्तर आहे का, ही जास्त कामाची. एज ऑफ एम्पायर्स 2 मध्ये ती रोज वापरता येते. तिथे हरणं टाउन सेंटरपासून, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीपासून, लांब असतात. अपेक्षा अशी की खेळाडू तिथे 100 लाकूड घालून गिरणी बांधेल आणि शिकार करेल. खेळाडू काय करतात? स्काउटचा घोडेस्वार हरणाच्या मागे नेऊन उभा करतात, हरीण उलट दिशेला पळतं, पुन्हा मागे जायचं, पुन्हा हुसकायचं, असं करत हरीण थेट टाउन सेंटरपर्यंत आणतात. एका हरणाचं अन्न 140, तीन हरणांचं 420. एक शेत 60 लाकडात 175 अन्न देतं, म्हणजे तेवढ्याच अन्नासाठी साधारण 144 लाकूड लागलं असतं. गावकऱ्याची किंमत 50 अन्न धरली तर आठ गावकऱ्यांची सोय झाली. फायदा मोठा आहे, पण किंमतही आहे: तेवढा वेळ स्काउट शत्रूचा तळ शोधत नाही आणि खेळाडूचं लक्ष अडकून राहतं. हरीण चुकीच्या कोनातून हुसकलं तर ते लाकूडतोडीत जाऊन अडकतं आणि घातलेला वेळ वाया जातो. अनुभवी खेळाडू हरणाच्या अगदी अंगावर न जाता टाउन सेंटर, हरीण आणि स्काउट एका सरळ रेषेत येतील असा स्काउट ठेवतात, तो यासाठीच. समोरचाही हेच करू शकतो, किंवा तुमचा स्काउट व्यग्र आहे हे ओळखून आपला स्काउट तुमच्या दारात आणू शकतो. हे चीटिंग म्हणणाऱ्याला माझ्या मते खेळ पुरता कळलेला नाही.

क्विक-वॉलिंगही त्याच जातीचं. शत्रूचे घोडेस्वार गावकऱ्यावर चालून येतात, आणि खेळाडू गावकऱ्याभोवती लाकडी कुंपणाचे किंवा 25 लाकडाच्या घराचे पाये टाकतो. गावकऱ्याने कामाला हात लावला की पाया वाट अडवतो. पूर्ण बांधलेल्या भिंतीसारखं नुसतं सुरू झालेलं काम शत्रूला रोखतं, हे पटायला जड जातं हे मला मान्य आहे. पण यालाही उत्तर आहे. जिथे शत्रूचं युनिट उभं आहे तिथे बांधकाम सुरू होत नाही, म्हणून चाणाक्ष खेळाडू एखादा घोडेस्वार गावकऱ्याच्या पुढच्या वाटेवर आधीच नेऊन ठेवतो. आणि अर्धवट पाया तोडायला वेळ लागत नाही.

काही युक्त्यांना उत्तर असतं, पण सामना चालू असताना ते सापडत नाही. तिथे खरी पंचाईत होते. डोटा 2 हा वॉरक्राफ्ट 3 च्या नकाशातून जन्मलेला गेम. त्याच्या 2013 च्या द इंटरनॅशनल स्पर्धेत ना’वी संघाने टाँगफूविरुद्ध फाउंटन हुक वापरला. चेन हा हीरो आपल्या साथीदाराला काही सेकंदांनी तळावर पोचवणारा मंत्र टाकतो. पज हा हीरो बरोबर त्याच क्षणी शत्रूवर आकडा फेकतो. पज तळावर पोचतो आणि आकड्याने ओढलेला शत्रू, कितीही लांब असला तरी, थेट ना’वीच्या कारंज्यापाशी येऊन पडतो, तिथे मरण जवळपास ठरलेलं. प्रेक्षकांत मोठा गदारोळ झाला. आयोजकांनी निकाल कायम ठेवला आणि नंतरच्या पॅचने, म्हणजे गेमच्या दुरुस्तीने, ही जोडी बंद केली. दोन्ही निर्णय बरोबर होते असं मी मानतो. युक्ती वापरायला अचूक वेळ साधावी लागत होती, दोन्ही हीरो दोन्ही संघांना निवडीत उपलब्ध होते, आणि नियमांत बंदी नव्हती. स्पर्धेच्या मध्यात नियम मागे ओढून लावले असते तर अन्याय झाला असता. पुढच्या पॅचमध्ये दुरुस्ती करणं मात्र गेमच्या भल्याचं होतं.

याच्या शेजारी 2014 ची ड्रीमहॅक विंटर स्पर्धा ठेवा, पुन्हा काउंटर-स्ट्राइक. फ्नॅटिक संघाच्या खेळाडूंनी एकमेकांच्या डोक्यावर चढून ओव्हरपास नकाशावर अशी जागा गाठली की जवळपास अख्खा नकाशा दिसे. तिथे मात्र न दिसणाऱ्या कडेवर उभं राहण्याला स्पर्धेच्या नियमांत आधीपासून बंदी होती. पंचांनी सामना पुन्हा खेळायला सांगितला, आणि फ्नॅटिकने माघार घेतली. फाउंटन हुकपेक्षा हे नैतिकदृष्ट्या वाईट होतं का, यावर वाद घालता येईल. पण निर्णय वेगळा लागला तो लिहिलेल्या नियमामुळे.

आणखी एक भेद लोक विसरतात: एखादी गोष्ट बंद करण्यासारखी आहे याचा अर्थ ती चीटिंग आहे असा होत नाही. दुसऱ्या महायुद्धावरच्या हार्ट्स ऑफ आयर्न 4 या गेममधले ‘स्पेस मरीन’ बघा. पायदळाच्या डिव्हिजनमध्ये जड रणगाड्यांची एखादी बटालियन घुसडायची. डिव्हिजनचं चिलखत मोजताना गेम नुसती सरासरी घेत नाही, सर्वांत जाड चिलखतालाही वेगळं वजन देतो. त्यामुळे एका बटालियनच्या जोरावर अख्खी डिव्हिजन शत्रूच्या साध्या पायदळाला भेदता येत नाही. चिलखत भेदलं नाही की नुकसान कमी होतं, आणि स्वस्तातलं पायदळ भिंतीसारखं टिकतं. उत्तर आहे: रणगाडाविरोधी तोफा. पण त्या प्रत्येक डिव्हिजनमध्ये घालायच्या म्हणजे कारखान्यांचं उत्पादन तिकडे वळवायचं, आणि मग दोन्ही बाजूंच्या सगळ्या डिव्हिजन एकसारख्या दिसू लागतात. म्हणून मल्टिप्लेयर गटांनी त्यावर घरचे नियम करून बंदी घातली. ही बंदी खेळ नीरस होऊ नये म्हणून आहे. जिथे असा नियम नाही तिथे स्पेस मरीन करणाऱ्याला चीटर म्हणणं हा रडीचा डाव. नियम ठरल्यावर जो लपवून करतो, तो मात्र चीटर.

काही गोष्टींना कुठलीच चर्चा लागत नाही. मॅपहॅक (लपलेला नकाशा उघडा करणारं सॉफ्टवेअर), हरायला लागल्यावर मुद्दाम गेम क्रॅश करणारी चाल, समोरच्याचं कनेक्शन पाडणं: बग गेममधला असो वा बाहेरून आणलेला, हे चीटिंगच. डावच होऊ दिला नाही तर हरजितच उरत नाही. ब्रूड वॉरमध्ये टेरन खेळाडू शेवटची इमारत उडवून नकाशाच्या कोपऱ्यात नेतो तेव्हा वेळ जातो, चीड येते, पण ते नियमात आहे. उडत्या इमारतीला मारणारं युनिट तुम्ही बनवू शकता.

आता एकट्याच्या खेळाकडे येऊ, कारण मूळ प्रश्न तिथला होता. सिव्हिलायझेशन 5 मधल्या त्या सौद्यात भोक नेमकं कुठे होतं ते समजून घ्या. एआय एकरकमी सोनं आणि 30 टर्नचे हप्ते यांची किंमत करताना हप्ते बुडण्याचा धोका धरतच नव्हता. त्याच्या दृष्टीने वचन आणि रोकड सारखीच. 2013 च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या विस्तारापासून एकरकमी सोन्याचा सौदा फक्त मैत्रीचा जाहीरनामा झालेल्या एआयशी करता येतो, म्हणजे दरोड्याचं सोपं दार बंद झालं. मूळ आवृत्तीवर कुणी ही युक्ती वापरली तर मी त्याला चीटर म्हणणार नाही, पण एक सांगेन: तीन-चार एआयना असं लुटलंत की सोन्याची अडचण संपते, आणि सोन्याची अडचण हाच त्या गेमचा सुरुवातीचा निम्मा खेळ आहे. बाजारपेठ आधी की वसाहत, रस्ते किती, सैन्याचा खर्च किती झेपेल, हे निर्णय घेण्याची गरजच राहत नाही. मग वरच्या पातळीवर जिंकूनही हातात काही शिकलेलं नसतं, आणि पुढच्या आवृत्तीत दार बंद झालं की तोच खेळाडू खालच्या पातळीवरही अडखळतो.

‘एआय स्वतः चीट करतो, मग मी का नको’ हा युक्तिवाद नेहमी येतो. सिव्हिलायझेशन 6 च्या डिइटी या सर्वांत कठीण पातळीवर एआयला सुरुवातीला 3 सेटलर (नवं शहर वसवणारी युनिट) मिळतात, तुम्हाला एक. त्याच्या युनिटना लढाईत 4 ची वाढ मिळते. पण हे उघड सांगितलेलं आहे, पातळी निवडताना तुम्ही ते मान्य केलेलं असतं. उघड ठरलेली सूट म्हणजे चीटिंग नव्हे, तसंच तिच्यामुळे बाकीची सगळी दारं आपोआप उघडतात असंही नव्हे.

सिव्हिलायझेशन 6 मधलाच ओव्हरफ्लोचा, म्हणजे उरलेलं उत्पादन पुढच्या कामाला जाण्याचा, प्रकार जास्त गुंतागुंतीचा होता. लाइम्स हे धोरण तटबंदीच्या उत्पादनावर 100 टक्के वाढ देतं. समजा तट पूर्ण व्हायला 10 उत्पादन हवंय, आणि तुम्ही जंगल तोडून 60 मिळवलंत. लाइम्समुळे त्याचे 120 झाले. 10 तटाला गेले आणि उरलेले 110 पुढच्या कामाला, मग ते काम सेटलर असो वा जागतिक आश्चर्य. तटासाठी दिलेली वाढ भलत्याच कामावर खर्च झाली. गेम बनवणाऱ्या फिरॅक्सिसने पुढे हे दुरुस्त केलं. ही युक्ती मला एआयच्या लुटीपेक्षा कमी खटकते, कारण तिला नियोजन लागतं: तट अगदी संपत आलेला ठेवायचा, धोरण वेळेवर बदलायचं, जंगल आधी तोडून बसायचं नाही. पण वेळेच्या शर्यतीत, म्हणजे ‘किती टर्नमध्ये जिंकलात’ अशा तुलनेत, ही वापरलेला आणि न वापरलेला डाव एका रांगेत लावता येत नाही. सिव्ह फॅनॅटिक्स या चाहत्यांच्या साइटवरच्या गेम ऑफ द मंथसारख्या स्पर्धा म्हणूनच बाद युक्त्यांची यादी आधी देतात आणि मागच्या सेव्हवर परतायला मनाई करतात. स्पीडरन करणारे, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणारे, ग्लिचसह आणि ग्लिचविना असे वेगळे वर्गच ठेवतात. दोघांनाही मान आहे, फक्त कोणता डाव कुठला ते सांगायचं.

सेव्ह पुन्हा लोड करण्याबद्दल एक्सकॉम: एनिमी अननोन (2012) ने घेतलेली भूमिका मला फार आवडते. नेहमीच्या खेळात यादृच्छिक आकड्यांचं बीज, म्हणजे नशिबाचे निकाल ज्यावरून ठरतात तो आकडा, सेव्हमध्येच राहतं. 85 टक्के नेम चुकला म्हणून लोड करून तोच सैनिक, त्याच क्रमाने, पुन्हा गोळी झाडेल तर पुन्हा चुकेल. क्रम बदललात तर निकाल बदलू शकतो. आणि ज्यांना दर लोडला नवं बीज हवं त्यांच्यासाठी सेकंड वेव्ह नावाच्या जादा पर्यायांत ‘सेव्ह स्कम’ याच नावाचा पर्याय ठेवला आहे. बनवणाऱ्यांनी निवड खेळाडूवर सोडली, आणि ती उघड ठेवली.

युरोपा युनिव्हर्सलिस 4 चा आयर्नमॅन मोड याच्या उलट टोकाला. बहमनींच्या पडझडीतून मराठी संस्कृतीचं राज्य उभं करून मराठे घडवायचा खेळ आपल्याकडचे पुष्कळ लोक आयर्नमॅनमध्ये खेळतात. तिथे एकच सेव्ह असते आणि ती वरचेवर लिहिली जाते. लढाई हरताच ऑल्ट-एफ4 दाबून गेम बंद करायचा म्हणजे पराभव नोंदला जाण्याआधी मागे जाता येतं. किंवा सेव्हच्या फोल्डरमधली फाइल आधीच दुसरीकडे कॉपी करून ठेवायची. फाइलची प्रत ठेवण्यात गैर काही नाही. वीज गेली किंवा फाइल खराब झाली तर शंभर वर्षांचा खेळ वाचतो, आणि प्रत ठेवाच. प्रत परत आणली ती फाइल बिघडली म्हणून की वारस मेला म्हणून, यात फरक पडतो. वारस मेला म्हणून आणली असेल तर तुम्ही साधा खेळ खेळलात, आयर्नमॅन नाही. घरच्या घरी त्याने कुणाचं नुकसान नाही. ‘आयर्नमॅनमध्ये केलं’ असं चारचौघांत सांगितलंत, तर ज्याने खरोखर पराभव गिळून डाव ओढून नेला त्याची किंमत तुम्ही कमी करता.

मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) आणि हॉटकी (आज्ञांना नेमलेल्या कळा) यांचा प्रश्न मध्येच कुठेतरी बसतो. एज ऑफ एम्पायर्स 2 मध्ये झाडं छोटी करणारा मॉड लावला की झाडामागे लपलेला गावकरी दिसतो. माहिती तीच, फक्त डोळ्यांना सोपी. शिवाय मॉड सगळ्यांना खुला आहे. हा चालतो. खेळाचे आकडे बदलणारे डेटा मॉड रँक्ड सामन्यात लागतच नाहीत. स्टारक्राफ्ट 2 मध्ये हॉटकीच्या फाइलमध्ये बदल करून एकच कळ दाबून धरली की मंत्र भराभर टाकता येतो. त्याला रॅपिड फायर म्हणतात आणि अनेक व्यावसायिक खेळाडू तो उघडपणे वापरतात. पण एक कळ दाबली की पाच वेगवेगळ्या आज्ञा क्रमाने जातात असा कीबोर्डचा मॅक्रो वेगळा. तिथे हाताचं काम यंत्र करतं. स्पर्धा खेळवत असाल तर मॅक्रोवर स्पष्ट बंदी लिहा, ‘सर्वसामान्य नियम लागू’ एवढ्यावर सोडू नका.

एखादी युक्ती बग आहे असं म्हणण्याआधी ती तपासा. पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये गांधींचा आक्रमकपणा 1 होता, लोकशाही आल्यावर 2 वजा होऊन तो 255 वर उलटला आणि गांधी अणुबाँब टाकू लागले, ही गोष्ट वर्षानुवर्षं बग म्हणून सांगितली गेली. 2020 मध्ये त्या गेमचे जनक सिड मायर यांनी असा बग नव्हताच असं स्पष्ट केलं. तपासायची पद्धत सोपी आहे. सिनॅरिओ एडिटरमध्ये किंवा एका सेव्हवर परिस्थिती पुन्हा उभी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. निदान चार-पाच वेळा तसंच घडतं का बघा. मग रिप्ले, म्हणजे सामन्याची नोंद, समोरच्या खेळाडूच्या नजरेतून लावा, कारण त्याला काय दिसलं यावरच निम्मा निर्णय असतो. शेवटी पॅचच्या नोंदी चाळा. आधीच्या आवृत्तीत हीच गोष्ट दुरुस्त करायचा प्रयत्न झाला असेल तर बनवणाऱ्यांचं मत कळतं.

मित्रांचा गट किंवा कॉलेजच्या फेस्टमधली स्पर्धा चालवणाऱ्यांसाठी आता. पहिलं काम आवृत्ती पक्की करणं. स्टीमवर आपोआप अपडेट थांबवा. पॅराडॉक्स कंपनीच्या गेमना (हार्ट्स ऑफ आयर्न, युरोपा युनिव्हर्सलिस) प्रॉपर्टीजमधल्या बीटाच्या यादीतून जुनी आवृत्ती निवडता येते. फेस्टच्या आदल्या रात्री पॅच आला आणि निम्म्या मशीनवर बसला तर सकाळी सामने जुळतच नाहीत. बाद युक्त्यांची यादी छोटी ठेवा, आणि प्रत्येक युक्ती कशी ओळखायची ते एका वाक्यात लिहा. ‘अनुचित खेळ चालणार नाही’ या वाक्याने एकही वाद मिटत नाही. ‘पायदळाच्या डिव्हिजनमध्ये रणगाड्यांची बटालियन नको’ याने मिटतो. समोरच्याला न दिसणारी किंवा गेम मोडणारी युक्ती सोडली तर यादीत नाही ते चालेल, हेही लिहून टाका.

प्रत्येक सामन्याचा रिप्ले गोळा करा. एज ऑफ एम्पायर्स 2 च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये ती .एओई2रेकॉर्ड फाइल असते. नव्या पॅचनंतर जुने रिप्ले अनेकदा चालत नाहीत, म्हणून वादग्रस्त सामन्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग त्याच दिवशी करून ठेवा. तक्रार पुढचा गेम सुरू होण्याआधी, रिप्लेमधल्या वेळेसह यावी. नाहीतर हरणारा प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी काहीतरी शोधून आणतो.

कुणाला नवी युक्ती सापडली असेल आणि वापरावी का अशी शंका असेल तर त्याला सामन्याआधी पंचाकडे खासगीत विचारायची मुभा द्या. पंचाने तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगावं. ‘नाही’ असेल तर ते सगळ्यांना कळवावं. ‘हो’ असेल तर युक्ती गुप्त ठेवावी. शोधणाऱ्याने घेतलेल्या कष्टाचं फळ एका सामन्यापुरतं त्याला मिळायला हवं. यादीत नसलेली युक्ती कुणी न विचारता वापरली आणि समोरच्याला ती दिसत होती, तर गेम मान्य करा आणि हवं तर पुढच्या फेरीपासून बंद करा. ती समोरच्याला दिसतच नव्हती किंवा गेमच मोडणारी होती, तर तो एक गेम पुन्हा खेळवा, पण पहिल्या खेपेला शिक्षा देऊ नका. कळवल्यानंतर पुन्हा वापरली तर त्याच्याविरुद्ध गेम द्या, तिसऱ्यांदा सामना. हे टप्पे खेळाडूंना नोंदणीच्या वेळीच दाखवा आणि त्यावर होकार घ्या.